लोंबत्या फांद्यांचा ताम्हण

पोळवाडी, विटा
१८ जुलै २०१८

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. तिनेच सांगितलं म्हणून लिहिते आहे. "त्यो फोन उचलत न्हाई तर न्हाई. कागद तर हातात घील!" म्हणाली. तुझ्या सेलमच्या चांदी गाळायच्या दुकानाचा पत्ता तिने जुन्या पाकिटावरून काढून दिला.

हक्कसोडीवर मी सही का केली नाही, ते पुन्हा लिहीत बसत नाही. तहसीलच्या पायरीवर सगळ्या भावकीदेखत ते बोलून झालंय. उसाचं रान तुझं, विहीर तुझी, गावातलं घर तुझं. मी फक्त रस्त्याकडेचा माळ मागितला. रहिमतपूरचं सासर सोडून आल्यावर पाय टेकायला मला जागा हवी होती, आणि ती कुणाच्या मेहरबानीची नको होती. आई माझ्याकडे राहते ती तिच्या मर्जीने. तिला ओढून नेणारं माणूस अजून जन्माला यायचंय, हे तुलाही ठाऊक आहे.

आता खरी बातमी. माळावर मी रोपवाटिका घातली. बोअरला पाणी बेताचंच, पण रोपांना पुरतं. शेजारच्या धनगरवस्तीवरच्या सुलाबाई कामाला येतात. नव्याच आल्यात, आटपाडीकडच्या. मेंढरं मोडली, चार शेळ्या ठेवल्या आणि इथे वस्ती केली. बोलायला लागल्या की थांबत नाहीत, त्यामुळे आई खूश आहे.

ताम्हणाच्या वाफ्यात एक रोप विचित्र निघालंय. बाकीची सरळ वर चाललीत. हे वीतभर झालं आणि जमिनीकडे वळलं. काठीला बांधलं, तर काठी संपते तिथून पुन्हा खाली. सुलाबाई म्हणाल्या, "ताई, ह्येची कंबर मोडलीया. उपटू का?"

मी मुळं पाहिली, पानं उलटून पाहिली. कीड नाही, रोग नाही. पानं तर बाकीच्यांपेक्षा तुकतुकीत. म्हटलं, राहू द्या.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण पत्र परत पाठवू नकोस. पोस्टमन गावभर करेल.

क्रांती


पोळवाडी
२ डिसेंबर २०२०

दादा,

तू पुन्हा सेलमला पोचलास आणि दुकान उघडलंस, हे भावकीतून कळलं. बरं झालं. लॉकडाऊनमधे तू गावात होतास तेव्हा माळावरून बऱ्याचदा गेलास. मोटरसायकलचा आवाज मी ओळखते. एकदाही मान वळवली नाहीस. मीही हाक मारली नाही. आपण दोघं एकाच बापाची पोरं आहोत, लालासाहेबांची. अण्णा गेले पण मान ताठ ठेवायची खोड आपल्याला देऊन गेले.

आई मात्र तुझ्याकडे यायची, भाकरी थापून द्यायची, आणि माझ्याकडे येऊन एक शब्द सांगायची नाही. आत्ता आत्ता तिच्या तोंडून निघालं की तिने तेलाच्या डब्यातलं एक रोप तुझ्या परसात लावलं आणि खड्डा तू काढून दिलास. ते रोप कसलं, हे तिने तुला सांगितलं नसणार. म्हणून मी सांगते.

ते मागच्या पत्रातलं, जमिनीकडे वळणारं. म्हणजे त्याचं कलम. दोन वर्षं ते माझ्या वाफ्यात वेलासारखं लोळत होतं. येणारं गिऱ्हाईक हसायचं. मग एके दिवशी वाटलं, याला वर चढता येत नाही, तर वरूनच खाली का सोडू नये? सरळ वाढलेला साधा ताम्हण घेतला, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर कापला आणि त्याच्यावर याची काडी पाचर मारून बसवली. पहिली बरीच वाळली. सुलाबाई रोज सकाळी येऊन विचारायच्या, "आज किती मेली?" शेवटी दोन जगली. एक माझ्या शेडपुढे आहे, दुसरं आईने तुझ्याकडे लावलं.

शेडपुढच्याच्या फांद्या आता चारी बाजूंनी खाली येतायत. छत्री उघडावी तशा. सांगलीच्या अपेक्षा मॅडमना फोटो पाठवले. रोपवाटिकेचं प्रशिक्षण मी त्यांच्याकडेच घेतलं. त्या म्हणाल्या, असा ताम्हण त्यांनी पाहिलेला नाही. पण फुलं येईपर्यंत काही खरं नाही. काही झाडं नुसती दिसायला वेगळी असतात आणि फुलतच नाहीत. फुललं, आणि कलमं सगळी अशीच निघाली, तर नवीन जात म्हणून नोंद होऊ शकेल.

तुझं घर बंद, किल्ली तुझ्याकडे. परसातल्या त्या झाडाला आता पाणी कोण घालणार? ते गेलंच असं मी धरून चालले आहे. खड्डा काढलास त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं होतं, म्हणून लिहिलं.

क्रांती


पोळवाडी
२० फेब्रुवारी २०२३

दादा,

भावकीतून तुला कळण्याआधी मीच लिहिते.

परवा माळाला वणवा लागला. कुणीतरी बांध पेटवला असेल, वारं सुटलं, आणि वाळलेल्या कुसळांतून आग सरळ आमच्याकडे आली. मी सांगलीला होते. ताम्हणाच्या नोंदणीचं विचारायला अपेक्षा मॅडमकडे गेले होते. एस.टी.तून उतरले तेव्हा आधी वास आला. मग दिसलं. शेडनेट वितळून पाइपांना चिकटलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांतली रोपं पिशव्यांसकट बसली होती. वाफ्यातलं पहिलं झाडही गेलं, शेडपुढचं कलमही गेलं. त्याला येत्या उन्हाळ्यात पहिला तुरा येईल असं मॅडम त्याच दुपारी मला सांगत होत्या.

आई बरी आहे. सुलाबाईंच्या शेळ्या वाचल्या.

मी रडले नाही असं लिहिणार होते. पण रडले. काळ्या पडलेल्या खोडाला धरून बसले होते. सुलाबाई शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातांची काजळी पदराने पुसत राहिल्या.

माळ विकून टाक म्हणून भावकीतल्या दोघांचे निरोप आले. नाही विकणार. राख बाजूला करायला आजपासून सुरुवात केली आहे.

क्रांती


पोळवाडी
६ मार्च २०२३

दादा,

मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं, ते पुरतं खरं नव्हतं. तिचे दोन्ही हात भाजलेत. ती आणि सुलाबाई ओली पोती घेऊन आगीवर धावल्या. सुलाबाई शेळ्या सोडायला वळल्या तेवढ्यात आईने शेडपुढच्या ताम्हणावरचं पेटलेलं नेट हाताने ओढून काढायला घेतलं. वितळलेलं प्लास्टिक हातांना चिकटलं. तिने मला शपथ घातली होती, "जयाला कळवू नगंस, त्यो एवढ्या लांबनं जिवाला लावून घील." आज तीच म्हणाली, कळव. विट्याच्या डॉक्टरांनी जखमा भरतील असं सांगितलंय. बोटं हलतात. भाकरी मी थापते, आणि ती प्रत्येक भाकरीला नाव ठेवते. म्हणजे बरी होते आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या शेजारच्या रंगुबाई काल आईला बघायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या परसातल्या त्या झाडाच्या फांद्या भिंतीवरनं माझ्या न्हाणीवर लोंबत्यात, तोडू का?"

"हात लावू नका," म्हणत मी उठलेच.

ते झाड जिवंत आहे, दादा. रंगुबाईंच्या न्हाणीचं पाणी भिंतीखालच्या मोरीतून तुझ्या परसात जातं. बंद दाराआड ते झाड त्या पाण्यावर वाढलं. आता ते एकटंच उरलंय.

आई म्हणते, "रंगूच्या अंगणातनं हात वर करून काड्या तोड. कोण इचारतंय?" मला ते जमणार नाही. फांदी कुणीकडेही लोंबू दे, झाड तुझ्या परसात आहे. वाटणीच्या वेळी मी जे माझं होतं तेच मागितलं. आज जे तुझं आहे ते चोरून नेलं तर तेव्हाच्या बोलण्याला अर्थ उरत नाही. आई माझ्यावर चिडलीय. "मान मोडून घेशील पर वाकवायची न्हाईस," म्हणाली.

तर वाकवते. मला परसाचं दार उघडायला तुझी परवानगी हवी आहे. जमीन नाही, घर नाही, थोड्या काड्या. फांद्यांवरचे डोळे फुगायला लागलेत, महिनाअखेर पालवी फुटेल. एकदा पालवी फुटली की कलम बसत नाही आणि मग वर्ष जातं. रंगुबाईंनी यंदा घर पाडून नवं बांधायला काढलंय, त्यात ती भिंत आणि मोरीही जाणार. पुढच्या वर्षापर्यंत झाड राहील याची खात्री नाही.

नाही म्हणायचं असलं तर तसं कळव. गप्प बसू नकोस.

क्रांती


पोळवाडी
१९ मार्च २०२३

दादा,

ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर आज सकाळी माळावर गाडी थांबवून हॉर्न वाजवत बसला. मी गेले तर त्याने चिकटपट्टी गुंडाळलेली पुडी दिली. "सेलमच्या शेटनं दिलंय. हातात द्या म्हणाला, दुसऱ्या कुणाला देऊ नका."

आत किल्ली होती आणि भाजल्यावर लावायच्या मलमाच्या तीन ट्यूब. चिठ्ठी नाही. ट्यूबवर काय लिहिलंय ते तमिळमधे आहे, पण आईने ओळखलं. "भट्टीवर भाजलं की ह्येच लावत्यात. मागं त्येच्या हातावर चांदीचं पाणी पडलं तवा हीच नळी होती." तिने माझ्याकडून लावून घेतलं आणि बराच वेळ हात समोर धरून बसली होती. आधीच्या मलमाने थंड वाटत नव्हतं, याने वाटतं म्हणाली. मलमाचा गुण किती आणि पाठवणाऱ्याचा किती, ते मला सांगता येणार नाही.

दुपारी आम्ही तिघी गेलो. कुलूप गंजलं होतं, सुलाबाईंनी घासलेट सोडलं. परसात गवत कमरेएवढं. आणि भिंतीकडेला ते झाड. पानं झडलेली, नुसत्या फांद्या, शेंड्यापासून जमिनीपर्यंत सरळ खाली आलेल्या. सुलाबाई गवत बाजूला करत आत शिरल्या आणि फांद्यांच्या आत उभ्या राहून ओरडल्या, "ताई, आत माणूस मावतंय की वं!"

मी मोजक्याच काड्या घेतल्या. झाड उघडं करून ठेवलेलं नाही. फोन केल्यावर अपेक्षा मॅडम कलमाखाली लागणारे साध्या ताम्हणाचे खुंट घेऊन स्वतः सांगलीहून आल्या होत्या. माझे सगळे जळाले होते ना. अंधार पडेपर्यंत कलमं बांधली. आई हात मांडीवर ठेवून बसली होती आणि एकेका कलमाला "घट बांद, घट बांद" म्हणत होती.

परसातलं गवत काढून घेतलं. किल्ली परत पाठवू का, ते कळव.

क्रांती


पोळवाडी
७ मे २०२३

दादा,

किल्लीबद्दल तू काही कळवलं नाहीस, म्हणून ती माझ्याकडेच आहे. तेवढ्यावरून मी समजायचं ते समजले.

आज सकाळी रंगुबाई धापा टाकत माळावर आल्या. मला वाटलं कुणाला काही झालं. नुसता माझा हात धरून ओढायला लागल्या. आईलाही घेतलं. गावात शिरलो तर तुझ्या घरापुढे बायका जमलेल्या, आणि भिंतीवरून जांभळं काहीतरी खाली आलेलं लांबूनच दिसत होतं.

ताम्हण फुलला, दादा.

साध्या ताम्हणाचे तुरे वर उभे असतात, तू पाहिलेत. याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला तुरा आहे आणि फांदी खाली आल्यामुळे तुरे जमिनीला टेकलेत. वरून खालपर्यंत फुलंच फुलं. दार उघडल्यावर बायका आत आल्या आणि तुरे पायाखाली येऊ नयेत म्हणून कडेकडेनेच उभ्या राहिल्या. रंगुबाई म्हणाल्या, "माझ्या न्हाणीच्या पाण्यानं एवढं केलं?" आणि मग सगळ्याच हसल्या.

आई फांद्यांच्या आत जाऊन बसली. तिच्या हातांवर नवी कातडी आली आहे, गुलाबी. त्या हातांनी तिने एक तुरा धरला आणि म्हणाली, "आज ह्यास्नी दावाया पायजे हुतं." अण्णांबद्दल बोलत होती. ते गेल्यापासून तिने त्यांचं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं.

रंगुबाईंनी बांधकामाचा नकाशा फिरवलाय. मोरी राहणार. मार्चमधली कलमं बहुतेक सगळी जगली आहेत, आणि सगळी खालीच वळतायत. फोटो पाठवला आहे. तुझ्या मोबाइलवर नाही, याच पाकिटात, छापून.

क्रांती


सातारा
१ मे २०२५

दादा,

हे साताऱ्यातून लिहिते आहे, प्रदर्शनाच्या मंडपामागे खुर्चीवर बसून. आई शेजारच्या खुर्चीत झोपली आहे, मांडीवर नारळ आणि शाल.

महाराष्ट्र दिनाला इथे रोपवाटिकांचं प्रदर्शन भरतं. ताम्हण राज्याचं फूल, म्हणून यंदा त्याचा वेगळा विभाग होता. आम्ही आमचं सगळ्यात मोठं कलम अर्ध्या पिंपात घालून टेंपोत चढवलं. वाऱ्याने फुलं झडू नयेत म्हणून आईची जुनी लुगडी भिजवून फांद्यांभोवती गुंडाळली. सुलाबाई पिंपाला कवटाळून मागे बसल्या आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचा उद्धार करत होत्या.

मंडपात लुगडी सोडली. फांद्या एकदम खाली सुटल्या, आणि बाजूच्या स्टॉलवरचे लोक हातातलं सोडून आले. मग गर्दी हटेचना. लोक वाकून आत शिरायचे, फोटो काढायचे. परीक्षक दोनदा येऊन गेले. त्यांनी कलमाचा सांधा पाहिला, बाकीची लहान कलमं पाहिली, सगळी एकसारखी आहेत का ते तपासलं. अपेक्षा मॅडम नोंदणीचे कागद घेऊन उभ्याच होत्या. ते महिन्याभरापूर्वी मंजूर होऊन आलेत. हे मी तुला कळवलं नव्हतं. आधी स्वतःला खरं वाटू दे म्हटलं.

पुण्याचा एक मोठा रोपवाला आला. बंगल्यांच्या बागा करतो. सगळी कलमं उचलतो म्हणाला, पुढच्या वर्षीचीही. फक्त जात त्याच्या नावाने विकायची. मी म्हटलं, "झाडं हवी तेवढी न्या. नाव बदलणार नाही." तो हसला, म्हणाला, "बाई, नावात काय आहे?" मी म्हटलं, "माझी आई आहे." शेवटी आमच्याच नावाने झाडं सांगून गेला.

नाव चंद्रझेला, आईची चंद्रा आणि लोंबत्या तुऱ्यांचा झेला. कागदावर तेच लागलंय. आई अजून कुरकुरते, "चंद्राबाईचं नाव झाडाला कशापाई?"

पहिला नंबर आमचा आला. नाव पुकारलं तेव्हा मला ऐकूच आलं नाही. सुलाबाईंनी पाठीत बुक्की घातली. मी आईला पुढे केलं. तिच्या हातात माइक दिला, दोन शब्द बोला म्हणाले. तिने माइककडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि म्हणाली, "बोलायचं काय त्येच्यात? पाणी घाला म्हंजे झालं." सगळा मंडप उभा राहून टाळ्या वाजवत होता, दादा. आईने पदर डोळ्याला लावला, आणि मग तोच पदर हलवून लोकांना खाली बसा म्हणाली.

तू असायला हवा होतास. एवढंच वाटलं, म्हणून लिहिलं.

क्रांती


सेलम
१५ जून २०२५

क्रांते,

मला पत्र लिवायची सवय न्हाई. चुकलं तर सांबाळून घी.

साताऱ्याला मी हुतो. भावकीतनं कळलं तवा दुकान पोरांवर टाकून आलो. मागं खांबाला टेकून हुबा हुतो. आईला स्टेजवर बघितलं. हात बघितलं. टाळ्या वाजवताना माझंच हात थांबंनात. पुढं यावं म्हणलं, पर डोळं भरून आलं. एवढ्या माणसांत रडायचं कसं? म्हणून तसाच बाहेर आलो.

मागनं परत तुझ्या स्टॉलवर गेलो तर तुझ्या पत्रातली ती सुलाबाई एकटीच हुती, बोलण्यावरनं वळखली. तिनं मला वळखलं न्हाई. एक बारकं कलम मागितलं तर म्हणाली, "घेताय पर जगवाल का? ह्ये झाड लय नशिबानं ऱ्हायलंय." मी इचारलं, कसं काय? तर तिनं सगळी कथा सांगितली, आगीपासनं. आणि म्हणाली, "आमच्या ताईचा एक भाऊ हाय सेलमला. बोलत न्हाई, पर टायमाला किल्ली धाडली त्येनं. न्हाईतर आज कसली फुलं न् कसलं काय!" कलम घेतलं आन् निघालो. ट्रॅव्हल्समधी मांडीवर धरून आणलं. शेजारचा माणूस कुरकुर करत हुता, त्येला फांदी लागत हुती.

तू सही केली न्हाईस त्ये बरं केलंस. माझ्या हातात त्यो माळ असता तर कवाच इकून टाकला असता. ह्ये मी तहसीलच्या पायरीवर न्हाई म्हणू शकलो, आता म्हणतो.

कलम दुकानाच्या दारात लावलंय. कालपासनं नवी पालवी फुटलीया आन् खालीच वळतीया. येणारं जाणारं तमिळ गिऱ्हाईक थांबतं, इचारतं ह्ये कसलं झाड. मला त्यांच्या भाषेत झाडाबद्दल लय बोलता येत न्हाई. येतं तेवढं सांगतो, बहिणीनं केलंय.

हितं ऊन लय कडक हाय. पाणी रोज घालायचं का दिवसाआड? रविवारी दुपारी फोन करतो. सांग मला.

जया